सोळा ट्रॅकची टेप, पाच स्पीकर आणि एक सब: प्रकल्प नोंदी

काम: लंडनमध्ये १९७५ साली ध्वनिमुद्रित झालेल्या एका प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बमचं नवं स्टिरिओ आणि ५.१ मिक्स (सराउंड: श्रोत्याभोवती पाच स्पीकर आणि खोल आवाजांसाठी एक सबवूफर). हाताशी दोन इंची १६ ट्रॅकची (एकाच टेपवर शेजारी शेजारी १६ सुटी मुद्रणं) चार रीलं, एक इंची ८ ट्रॅकचं एक रील आणि पाव इंची स्टिरिओ मास्टर, म्हणजे तेव्हाचं अंतिम मिक्स. पहिली बाजू म्हणजे २१ मिनिटांची एकच सलग रचना, दुसऱ्या बाजूला चार गाणी. बँडचं नाव करारानुसार प्रकाशनापर्यंत बंद, त्यामुळे नोंदी वाद्यं आणि मिनिटं यांवरच भागवतात.

१२ जानेवारी

रीलं उघडली. टेपचा पाया एकतर अ‍ॅसिटेट या जुन्या प्लॅस्टिकचा असतो, नाहीतर पॉलिएस्टरचा. अ‍ॅसिटेटची शंका नको म्हणून प्रत्येक रील दिव्यासमोर धरलं. अ‍ॅसिटेटच्या गुंडाळीतून उजेड आरपार येतो, पॉलिएस्टरच्या येत नाही. सगळी पॉलिएस्टर निघाली. हे आधी पाहायचं कारण एवढंच की अ‍ॅसिटेटची टेप भट्टीत घालायची नसते.

दोन रीलं पाठीला काळा लेप नसलेली, कोरडी, ठणठणीत. उरलेली दोन अँपेक्स ४०६ या जातीच्या टेपची. हाताने दोन फूट उलगडली तेवढ्यात चिकटपणा कळला: थर एकमेकांना सोडताना चरचरतात. यातला पॉलियुरेथेन बाइंडर (लोहकण धरून ठेवणारा लेप) हवेतला दमटपणा धरतो आणि वर्षांनी चिकट होतो. तशीच चालवली तर मशीनच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी लगदा जमतो, टेप किंचाळते आणि लोहकणांबरोबर आवाजही खरवडून निघतो.

हा दमटपणा काढायला भट्टी: ५४ अंश सेल्सिअस, १८ तास, निम्म्यावर रील उलटं. दोन इंची टेपला पाव इंचीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कारण उष्णता गुंडाळीच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवी. प्रयोगशाळेची, पंख्याची भट्टी वापरली. घरगुती गॅसच्या ओव्हनमध्ये तापमान हेलकावतं, मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. नंतर तेवढाच वेळ खोलीच्या तापमानाला निवू दिली. हा गुण काही आठवडेच टिकतो, म्हणून भट्टी लावण्याआधी ट्रान्सफरची, म्हणजे टेपवरचा आवाज संगणकात उतरवण्याची, तारीख पक्की केलेली बरी.

उष्णतेने जुन्या जोडांचा डिंकही वाळला. दोन्ही रीलं मिळून १४ जोड सुटले. सगळे नव्या जोडपट्टीने त्याच कोनात पुन्हा लावले.

१६ जानेवारी

ट्रान्सफरचा दिवस. मशीन स्टुडर ए८०, १६ ट्रॅकचा हेड ब्लॉक, वेग सेकंदाला १५ इंच.

डब्यावर इक्वलायझेशन (टेपवर भरताना उंच-खोल आवाज किती वर-खाली केले त्याचं मानक) लिहिलेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या टेपला आयईसी (युरोपी मानक) धरून चालायची सवय असते, पण रीलच्या सुरुवातीला भरलेले तपासणीचे टोन वेगळं सांगत होते. आयईसीवर लावल्यावर १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १० किलोहर्ट्झ सुमारे अडीच डीबी (डेसिबल) खाली, १०० हर्ट्झ सुमारे एक डीबी वर. ही जोडी म्हणजे नॅबची, अमेरिकी मानकाची, सहीच. आयईसीचा स्थिरांक ३५ मायक्रोसेकंद, नॅबचा ५०. शिवाय नॅबमध्ये खालच्या टोकाला ३१८० मायक्रोसेकंदांचं वळण आहे. मशीन नॅबला नेल्यावर तिन्ही टोन पाव डीबीच्या आत आले. हे चुकलं तर पुढे महिनाभर सगळी झांज 'मंद' म्हणून वर उचलत बसायचं, आणि दोष मात्र जुन्या रेकॉर्डिस्टच्या माथी मारायचा.

अ‍ॅझिमथ (टेपशी हेडचा कोन) टेस्ट टेपला नव्हे, रीलवरच्या टोनला जुळवला. सेकंदाला १५ इंच या वेगाला १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर जेमतेम ३८ मायक्रोमीटर भरते, त्यामुळे केसाएवढा तिरपेपणाही चालत नाही. ट्रॅक १ आणि ट्रॅक १६ एकत्र करून टोनची बेरीज जिथे सर्वांत मोठी, तिथेच स्क्रू ठेवला. एका रीलवर सत्र मधूनच दुसऱ्या मशीनवर झालेलं. तिथे थांबून पुन्हा जुळवणी.

९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सोळाही ट्रॅक एका फेरीत, एका क्लॉकवर. आठ-आठ ट्रॅक दोन फेऱ्यांत घेण्याचा मोह कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारी यंत्रं) कमी असले की होतो. टेपचा वेग प्रत्येक फेरीत थोडा वेगळा डुलतो आणि ती दोन अर्धुकं पुन्हा एकजीव होत नाहीत. जागा: २० मिनिटांना साधारण साडेपाच जीबी. कसलीही नॉइज रिडक्शन नाही, कसलंही क्लीनिंग नाही.

१९ जानेवारी

ट्रॅकशीट आणि वास्तव. कागदावर ट्रॅक ११ 'बासरी'. प्रत्यक्षात ४:०५ पर्यंत बासरी, मग मेलोट्रॉनची (कळ दाबली की टेपवर भरलेला आवाज वाजवणाऱ्या वाद्याची) व्हायोलिनं, शेवटी १७व्या मिनिटाला चार टाळ्या. ट्रॅक १४ 'रिकामा', त्यावर ६:१२ ला खंजिरी. सोळाच ट्रॅक आणि वीस-बावीस वाद्यं असली की भोक दिसेल तिथे काहीतरी घातलं जायचं. म्हणून आधी कापाकाप: प्रत्येक वाद्याला स्वतःचं चॅनल. १६ चे ३७ झाले.

रिकाम्या जागा बंद केल्या. सोळा ट्रॅकची सारखी खरखर एकत्र आली की एका ट्रॅकपेक्षा १२ डीबी वर जाते. चारच उघडे असले तर ६ डीबी. गिटार आणि एक गळा एवढंच असलेल्या भागात हा फरक ऐकूच येतो. मात्र बंद करण्याचं काम हाताने, फेडसह. गेट (पातळी खाली गेली की आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावला की ड्रमच्या माइकमधली बासची झिरप दर ठोक्याला उघडझाप करते आणि स्नेअर ड्रमचा रंगच बदलतो. गायकाचे श्वास ठेवले. काउंट-इन (सुरुवातीची मोजणी), काड्यांची ठकठक आणि एक खोकला काढला.

२४ जानेवारी

१६ ट्रॅकवर ट्रॅक ९ आणि १० म्हणजे सहा आवाजांचा समूह, आधीच दोन ट्रॅकमध्ये आटवलेला. स्टिरिओला चालून गेलं. सराउंडमध्ये सहा गळे श्रोत्याभोवती उभे करायचे तर ते सुटे हवेत, आणि सुटे आहेत ८ ट्रॅकच्या रीलवर. किंग क्रिम्सन या बँडच्या १९६९च्या पहिल्या अल्बमचं सराउंड मिक्स २००९ मध्ये असंच उभं राहिलं: वेसेक्स स्टुडिओतल्या ८ ट्रॅकच्या, आटवण्याआधीच्या टेप शोधून त्या पुन्हा एकमेकांना जुळवल्या गेल्या. मल्टीट्रॅक (सुट्या ट्रॅकच्या टेप) मिळाल्या म्हणजे काम झालं असं नाही. कितव्या पिढीच्या, म्हणजे किती वेळा आटवलेल्या, मिळाल्या ते पाहायचं.

जुळवणी: दोन्ही रीलांवर ड्रमची मार्गदर्शक प्रत आहे, तीच दोरी. सुरुवात समेवर बसवली, चार मिनिटांनी ७० मिलिसेकंदांचा फरक. म्हणजे ०.०३ टक्के, ऐकायला काहीच नाही, पण समूह ठेक्याच्या मागे लटकतो. फरक सरळ रेषेत वाढत नाही, टेप ओढणाऱ्या कॅपस्टनच्या लहरीप्रमाणे पुढेमागे होतो. म्हणून दर आठ मात्रांना खूण आणि दोन खुणांमधला तुकडा रिसॅम्पल, म्हणजे टेपचा वेग बदलावा तसाच. टाइम-स्ट्रेच (सूर न बदलता लांबी ताणणं) टाळलं, व्यंजनं फुटतात, 'स' आणि 'त' यांना शेपट्या फुटतात. उरलेली चूक २ मिलिसेकंदांच्या आत.

ताकीद: सुटे सहा आवाज आणि आटवलेली जोडी कधीही एकत्र उघडी ठेवायची नाही. एका मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० हर्ट्झवर खड्डा पडतो, मग १५०० वर, २५०० वर, आणि समूह नळीतून गायल्यासारखा वाटतो.

२ फेब्रुवारी ते १३ फेब्रुवारी

सराउंडला हात नाही. आधी जुनं स्टिरिओ मिक्स जसंच्या तसं पुन्हा बांधणं. बाहेरून हा वेळेचा अपव्यय वाटतो, प्रत्यक्षात ५.१ चे निम्मे निर्णय इथेच होतात. कुठला सोलो किती वर, कुठे गिटारची जोडी अर्धीच वापरलेली, कुठली तान टेपवर आहे पण अल्बममध्ये नाही. टेपवर असलेली प्रत्येक गोष्ट ऐकवणं म्हणजे रीमिक्स नव्हे.

पाव इंची मास्टरचं ट्रान्सफर सत्रातच वर ठेवलं, एका बटणावर अदलाबदल. दोन्ही मिक्स उलट फेजमध्ये (एकाची लहर उलटी करून) घालून शून्य करण्याचा खटाटोप केला नाही. टेपच्या डुलण्यामुळे ते कधीच शून्य होणार नाही. भागागणिक पातळी अर्ध्या डीबीत आणि कान.

२१ मिनिटांच्या रचनेत ११ कट सापडले. त्या काळची ही रीतच: तुकडे वेगवेगळे वाजवायचे, वेगवेगळे मिक्स करायचे, मग ब्लेड. येस या बँडचं १९७२चं 'क्लोज टू द एज' अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत रेकॉर्डिस्ट एडी ऑफर्डच्या हाताखाली असंच तुकड्यांतून जोडलं गेलं. मल्टीट्रॅकवर हे कट नसतात, कारण ते स्टिरिओ टेपवर केलेले. त्यामुळे प्रत्येक कट मास्टरवर शोधून सत्रात पुन्हा करायचा.

९:४० च्या कटवर प्लेटचा (पत्रा कंपवून घुमारा देणाऱ्या यंत्राचा) घुमारा अर्ध्यातच तोडलेला आहे. मोह होतो तो नैसर्गिकपणे विरू द्यायचा, आणि आता ते सोपंही आहे. विरू दिल्यावर पुढचा ऑर्गन दारावर धडकण्याऐवजी नुसता आत येतो. तोडलेलाच ठेवला. पाचही चॅनलमध्ये एकाच नमुन्यावर (डिजिटल सॅम्पलवर) कट. मागच्या चॅनलचा घुमारा चुकून उरला तर तो भुतासारखा मागून डोकावतो.

तिसरा तुकडा साडेतीन मिनिटांचा. मास्टरवर तो सव्वा सेकंदाने आखूड आणि पट्टी १० सेंट (अर्ध्या सुराचा दहावा भाग) चढी. म्हणजे ०.६ टक्के वेग वाढवलेला. अपघात की हेतू? बाकी तुकडे ०.०५ टक्क्यांत जुळतात, त्यामुळे मशीनचा दोष नाही. उत्तर मल्टीट्रॅकवर: या तुकड्यात सगळा बँड मेलोट्रॉनच्या सुराला लागलेला आहे आणि मेलोट्रॉन उतरलेला. मिक्सच्या वेळी वेग चढवून दोन्ही बाजूंचे सांधे सुरात आणले. सगळे ट्रॅक तेवढेच चढवले, घुमारा मात्र नंतर घातला, कारण मूळ प्लेटही वेग बदलण्याच्या वेळीच लावलेली.

ती प्लेट ईएमटी १४०. आत मोनो, बाहेर स्टिरिओ. स्नेअरच्या ठोक्यापासून घुमारा उठेपर्यंत मास्टरवर ११८ मिलिसेकंद मोजले. सेकंदाला १५ इंच या वेगाला हे अंतर ४५ मिलिमीटर, म्हणजे रेकॉर्ड हेड ते प्लेबॅक हेड. आवाज एका टेप मशीनमधून उशिरा काढून प्लेटला दिला जायचा, त्याचा हा पुरावा. मधल्या पट्ट्यात विरण्याचा वेळ २.४ सेकंद. त्याबरहुकूम लावलं आणि स्नेअर एकदम ओळखीची झाली. त्याआधी चार दिवस इक्यूने (उंच-खोल आवाज वर-खाली करून) तिच्याशी झटापट चालली होती.

१७ फेब्रुवारी

खोली. डावा-उजवा ३० अंशांवर, मधला समोर, मागचे ११० अंशांवर. पुढचे तीन १.९ मीटरवर, मागचे भिंतीमुळे १.६ वर, त्यांना ०.९ मिलिसेकंद उशीर दिला. −२० डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या २० डीबी खाली) पिंक नॉइजला, म्हणजे तपासणीच्या खरखरीला, प्रत्येक स्पीकर ८२ डीबी, मीटर सी वेटिंग, स्लो.

एलएफई (सबला जाणारं खोल आवाजांचं चॅनल) स्वतःच्या पट्ट्यात १० डीबी वर असायला हवा. साध्या मीटरवर तो फक्त चारेक डीबी वर दिसतो, कारण पट्टा अरुंद. म्हणून अ‍ॅनालायझरवर पाहायचं. इथली चूक महाग पडते. मॉनिटरिंगमध्ये हे १० डीबी राहून गेले की मिक्समध्ये एलएफई उचलला जातो आणि श्रोत्याच्या घरी खिडक्या थरथरतात.

१९ फेब्रुवारी ते ६ मार्च

पसरवणं. जे फसलं ते आधी.

ड्रम चार कोपऱ्यांत. दोन मिनिटं गंमत, मग किकला (पायाने वाजवायच्या ड्रमला) जागाच उरली नाही आणि बँड फुटला. ७/८ च्या भागात तर बास आणि किक एका ठिकाणाहून आले नाहीत तर सात मात्रांचं वळणच कळत नाही. ड्रम पुढे, फक्त खोलीचा माइक मागे, तोही ९ डीबी खाली.

गायक फक्त मधल्या स्पीकरमध्ये. आवाज उघडा पडतो, आणि कुणी मधला चॅनल एकटा लावून ऐकलं तर प्रत्येक ड्रॉप-इनची (मधूनच पुन्हा मुद्रित केलेल्या तुकड्याची) टकटक ऐकू येते. मध्ये −३ डीबी आणि डाव्या-उजव्यात −६ डीबी असं वाटून दिलं. खोलीतली ऊर्जा तेवढीच राहते. पण एखाद्या प्लेअरने ५.१ चं स्टिरिओ केलं की हे तिन्ही एकाच फेजमध्ये मिळतात आणि गायक ३ डीबी वर येतो. डिस्कवर वेगळं स्टिरिओ आहे, म्हणून हा धोका पत्करला.

गिटारची एक ओळ डाव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या स्पीकरच्या बरोबर मध्ये. तिथे ती थांबतच नाही. डोकं दोन इंच हललं की पुढे उडी, नाहीतर मागे. समोर दोन स्पीकरमधली आभासी जागा कानाला पटते, बाजूला पटत नाही. नेमकी जागा हवी असलेलं वाद्य एका स्पीकरवरच उभं करायचं. बाजूची पोकळी फिरत्या किंवा धुरकट गोष्टींना.

फिरती गोष्ट हाताशीच होती. ऑर्गनच्या लेस्लीच्या (फिरत्या स्पीकरच्या पेटीच्या) वरच्या रोटरला दोन माइक, सुटे ट्रॅक. एक डावा पुढे, दुसरा उजवा मागे, तिरपे. वेगवान फेरीत, मिनिटाला सुमारे ४००, ऑर्गन खोलीच्या कर्णावर लखलखतो. संथ फेरीला श्वास घेतल्यासारखा. यासाठी एकही पॅन ऑटोमेशन (आवाज स्पीकरांमधून फिरवण्याची आज्ञा) लागलं नाही. १९७०च्या दशकातल्या क्वाड (चार स्पीकरच्या) मिक्समध्ये वाद्यं कोपऱ्या-कोपऱ्यांतून पळवण्याची हौस असायची; पण जे वाद्य मुळातच फिरतं त्याला फिरवावं लागत नाही.

मेलोट्रॉन त्रासदायक. प्रत्येक कळीखाली टेपची एक पट्टी, जेमतेम आठ सेकंदांची, आवाज मोनो. १८ मिलिसेकंद उशिरा प्रत करून मागे टाकली तर खोलीत भव्य, स्टिरिओत आल्यावर पत्र्यासारखा. शेवटी कोरडा आवाज उजव्या मागच्या स्पीकरमध्ये आणि त्याची प्लेट चारही कोपऱ्यांत. मागच्या जोडीला पुढच्याच घुमाऱ्याची उशिरा प्रत न देता वेगळी प्लेट, विरण्याचा वेळ २.७ सेकंद. आठव्या सेकंदाला पट्टी संपते तेव्हा वादकाने कळ सोडून पुन्हा दाबलेली ऐकू येते. झाकली नाही.

मागे गेलेलं प्रत्येक वाद्य मंद वाटतं, कानाच्या पाळीमुळे. १२ तारी गिटारला ६ किलोहर्ट्झवर दीड डीबी दिले.

सहा गळे: दोन पुढे, दोन मागे, दोन प्रत्येकी एका मागच्या आणि एका पुढच्या स्पीकरमध्ये असमान वाटलेले. १४व्या मिनिटाला वाद्यं थांबतात आणि हेच उरतात. ८ ट्रॅकच्या रीलमागचे चार दिवस इथे वसूल.

एलएफईत किकचा आणि मूग सिंथेसायझरच्या तळाचा थोडाच भाग, ८० हर्ट्झच्या खाली. स्टिरिओ करताना बहुतेक डिकोडर हे चॅनल टाकूनच देतात, त्यामुळे फक्त तिथेच असलेलं काहीही चालणार नाही. फिल्टरमुळे फेज वळतो. पोलॅरिटी उलटवून पाहिली तेव्हा किक भरली, तीच ठेवली.

११ मार्च

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याची मल्टीट्रॅक नाहीच. जेंटल जायंट या बँडच्या 'ऑक्टोपस' अल्बमची हीच अडचण होती. २०१५च्या आवृत्तीत काही गाणी स्टिरिओवरूनच ५.१ पर्यंत वाढवावी लागली. मशीन लर्निंगने वाद्यं सुटी करून पाहिली: बास आणि गळा बरा, झांजा मात्र पाण्याखाली वाजल्यासारख्या. मागे एकट्या पडल्या की हे फारच टोचतं. म्हणून साधा मार्ग: डाव्या-उजव्यातला समान भाग थोडा मध्ये, फरकाचा भाग मागे ६ डीबी खाली, आणि अट अशी की पुन्हा स्टिरिओ केल्यावर मूळ मिक्सच परत यावं. पुस्तिकेत हे गाणं वाढवलेलं आहे असं स्पष्ट छापायचं.

१८ मार्च

पहिली चाचणी फाइल परत आली: गायक उजवीकडून, गिटार मधून, डावा मागचा चॅनल सबमध्ये घुरघुरतोय. फाइल चित्रपटाच्या क्रमाने लिहिलेली, म्हणजे डावा, मधला, उजवा, मागचे दोन, एलएफई. वाचली गेली डावा, उजवा, मधला, एलएफई, मागचे दोन या क्रमाने. मिक्स ओळखीचं नसेल तर हा दोष 'धाडसी मांडणी' म्हणून खपूनही जातो. आता प्रत्येक फाइलच्या आधी वेगळी ओळखफाइल: प्रत्येक चॅनलमध्ये त्याचं नाव बोललेलं, मग टोन.

कमाल पातळी −१ डीबीटीपी (लहरीच्या खऱ्या शिखराचं माप). लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) नाही.

२२ मार्च

ब्लू-रेवर ९६/२४ चं ५.१ न दाबता एलपीसीएममध्ये बसतं, शिवाय काही न गमावता दाबलेलं डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ. डीव्हीडी-ऑडिओचाही विचार झाला होता: सहा चॅनल म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट आणि त्या डिस्कची मर्यादा ९.६, त्यामुळे एमएलपीशिवाय (काही न गमावता दाबण्याच्या पद्धतीशिवाय) जमणार नाही. रद्द.

पहिल्या बाजूचे सहा भाग सहा वेगळी टायटलं म्हणून नकोत. प्लेअर दोन टायटलांमध्ये क्षणभर गप्प होतो. एकच टायटल, आत सहा चॅप्टर. चॅप्टरची खूण व्हिडिओच्या फ्रेमवरच पडते, सेकंदाला २४ पैकी एकीवर, त्यामुळे ९:४० च्या कटवर ती १५ मिलिसेकंद उशिरा येऊन ऑर्गनचा पहिला ठोका मागच्या भागात राहत होता. खूण एक फ्रेम अलीकडे घेतली. तुटलेल्या घुमाऱ्याचे शेवटचे २७ मिलिसेकंद आता नव्या चॅप्टरमध्ये येतात, थेट तिथे उडी मारणाऱ्याला एक टिचकी ऐकू येईल.